दाण्याचे दोन वाटेकरी : होला आणि जर्बिल

पंचतंत्रांतील मित्रसंप्राप्तीची कथा आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं ऐकलीच असेल. व्याधानें झाडाखालीं तांदूळ पसरून जाळें मांडलें. चित्रग्रीव नांवाचा कपोतांचा राजा परिवारासह दाण्यासाठीं खालीं उतरला आणि सांपडला. मग सर्वांनीं एकदम पंख मारून जाळ्यासकट उड्डाण केलें आणि हिरण्यक नांवाच्या उंदराच्या बिळापाशीं उतरून त्याच्याकडून पाश कुरतडून घेतले. या कथेवरून एकीचें महत्त्व पुष्कळांनीं सांगितलें आहे. तें आम्हांस येथें सांगावयाचें नाहीं. आमचें लक्ष तिच्यांतील एका निराळ्याच गोष्टीकडे गेलें. दाणा उघड्या जमिनीवर टाकला होता, आणि त्यावर जो सांपडला तो पक्षी. उंदीर त्या वेळीं आपल्या अनेक तोंडांच्या बिळांत सुखरूप बसला होता.

मागच्या एका उन्हाळ्यांत ही कथा आम्हीं प्रत्यक्ष पाहिली. यवतमाळ जिल्ह्यांत अडाण नदीच्या बाजूस आमच्या एका स्नेह्यांची बरड जमीन आहे. हरभरा निघून शेत मोकळें झालें होतें आणि पश्चिमेकडील धुऱ्यावर ठिकठिकाणीं ताज्या मातीचे लहान ढीग व बिळांचीं तोंडें दिसूं लागलीं होतीं. हंगामांत हरभऱ्याचे घाटे रात्रींत पोकळ झालेले, भुईमुगाच्या ओळी उकरलेल्या, म्हणून गृहस्थ आधींच त्रासलेले. त्यांनीं बाजारांतून काळी पूड आणली, तेल लावलेल्या ज्वारींत ती कालविली आणि दिवस मावळतांना धुऱ्याच्या कडेनें मुठी मुठी फेंकली. सकाळीं आम्ही त्यांच्याबरोबर शेतावर गेलों तों धुऱ्यालगत होले पडलेले. दहाबारा तरी असतील. पलीकडे तितरांची एक जोडी पडली होती. उंदीर मात्र एकहि दृष्टीस पडला नाहीं. पोटांत विष गेलेला उंदीर पुष्कळदां बिळांतच मरतो, म्हणून आम्हीं मत देण्याची घाई केली नाहीं. परंतु आठ दिवसांनीं पाहतों तों बिळांच्या तोंडाशीं पूर्वीप्रमाणेंच ताजी माती.

एवढ्यावर निभावलें असतें तरी बरें. सालदाराच्या मुलानें त्यांपैकीं चार होले दुपट्ट्यांत बांधून घरीं नेले होते. पिसें काढतांना आजीला लसणासारखा वास आला, तिनें हात आंखडला आणि ते चारहि पक्षी पुरून टाकावयास लाविले. तिला तो वास कळला नसता तर काय झालें असतें या विचारानें आमच्या स्नेह्यांस रात्रभर झोंप लागली नाहीं, असें त्यांनींच पुढें आम्हांस सांगितलें.

होला आणि शेतांतला उंदीर, दोघेहि दाणे खाणारे. दोघांचें वजनहि जवळजवळ सारखें, शंभर-दीडशें ग्रॅमांच्या आसपास. म्हणून शेतकरी दोघांस एकाच मापानें मोजतो आणि दोघांचीहि चोरांत गणना करून मोकळा होतो. परंतु एकाच दाण्यावर जगण्याचे त्यांचे मार्ग इतके निराळे आहेत कीं, एकासाठीं मांडलेला उपाय दुसऱ्याच्याच गळ्यांत पडतो. तो भेद येथें थोड्या विस्तारानें सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम उंदराची ओळख. उंदीर म्हणजे सगळे एक, ही समजूत फार पसरलेली आहे. आपल्या शेतांत निदान तीन निरनिराळे उंदीर नांदतात. ओलिताच्या शेतांत मातीचे मोठे ढिगारे काढून बिळांत कणसें साठविणारी लहान घूस हा पहिला. काळ्या जमिनीच्या भेगांत आणि उथळ बिळांत राहणारा मऊ केसांचा उंदीर हा दुसरा. तिसरा हलक्या, मुरमाड जमिनींत व गवताळ धुऱ्यांत राहतो. त्यास प्राणिशास्त्रांत जर्बिल म्हणतात. पाठ पिंवळसर तांबूस, पोट पांढरें, डोळे मोठे आणि काळेभोर, मागचे पाय लांब, आणि शेंपूट अंगाहून लांब असून तिच्या टोंकाशीं काळसर केसांचा झुबका. रात्रीं मोटारसायकलच्या उजेडांत पांदणीवरून जो उंदीर धांवत न जातां उड्या घेत जातो तो बहुधा हाच. घुशीस असा झुबका कधींच नसतो; तिची शेंपूट खवल्यांची व उघडी असते. एवढी एक खूण लक्षांत ठेविली तरी पुरे.

याचें शास्त्रीय नांव टाटेरा इंडिका. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यांतील अधिकारी थॉमस हार्डविक यांनीं १८०७ सालीं या जातीचें शास्त्रीय वर्णन प्रथम केलें. जर्बिलांचें गोत मूळचें रुक्ष मुलखांतलें. आफ्रिका आणि आशिया या दोन्ही खंडांतील रेताड प्रदेशांत त्यांच्या पुष्कळ जाती आहेत. आपली ही जात पश्चिमेस सीरिया-इराकपासून इराण, सिंध व राजस्थान यांवरून थेट सिंहलद्वीपापर्यंत पसरलेली आहे. तिचा एक चुलतभाऊ थरच्या वाळवंटांत आणि कच्छांत राहतो. तो दिवसां उन्हांत बाहेर पडतो, आपला मात्र पक्का निशाचर.

यवतमाळ जिल्हा कांहीं वाळवंट नव्हे. वर्षाकाठीं सुमारें नऊशें ते हजार मिलिमीटर पाऊस येथें पडतो, टिपेश्वरचें रान आहे, पैनगंगा आहे. परंतु तो पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला. पुढें होळीपासून मृगापर्यंत दारव्हा, आर्णी, घाटंजीकडील बरडाची, माळाची आणि कोरड्या नाल्यांच्या कांठांची जी दशा होते ती ज्यानें पाहिली आहे, त्यास वाळवंटांतला प्राणी येथें परका कां ठरला नाहीं हें निराळें सांगावयास नको. वर्षांतले तीन-साडेतीन महिने आपला धुरा हा त्याच्या दृष्टीनें वाळवंटच असतो.

होल्याची ओळख करून देण्याची गरज नाहीं. कोणता होला तें मात्र सांगितलें पाहिजे. आपल्याकडे होल्याच्या चार जाती सहज दिसतात: मानेवर ठिपके असलेला, लहान तपकिरी, मानेमागें काळी कड असलेला राखी, आणि तांबूस. आम्ही येथें पहिल्याविषयीं लिहीत आहों. त्याच्या मानेच्या मागें काळ्या जमिनीवर पांढऱ्या ठिपक्यांचा असा पट असतो कीं, कोणीं काळ्या लुगड्यावर चुन्याची बोटें उठवावीं. हा उष्ण कटिबंधांतला पक्षी. भारतापासून ब्रह्मदेश, मलाया व दक्षिण चीनपर्यंत त्याचें घर आहे, आणि माणसांनीं तो ऑस्ट्रेलिया, हवाई व कॅलिफोर्नियापर्यंत नेऊन सोडला आहे. त्याच्या भारतीय पोटजातीस १७८९ सालापासून सुरतेचें नांव लागलेलें आहे, आणि लहान तपकिरी होल्याच्या पोटजातीस खंबायतचें. आमच्या बाभळींवर घुमणाऱ्या या दोन पांखरांस गुजराथच्या दोन बंदरांचीं नांवें असावींत याची आम्हांस मौज वाटते.

आतां मुख्य गोष्ट: पाणी. चांगल्या वाळलेल्या ज्वारींत शंभर भागांस दहाबारा भागच ओलावा असतो. तेवढ्यावर कोणाचेंच भागत नाहीं. म्हणजे कोरडा दाणा खाणाऱ्यानें एक तर पाणी शोधलें पाहिजे, किंवा पाण्याचा खर्च तरी बंद केला पाहिजे. होल्यानें पहिला मार्ग धरला आणि जर्बिलानें दुसरा.

होला दररोज पाण्यावर जातो. सकाळीं चरून झाल्यावर आणि पुन्हा दिवस कलतांना हे पक्षी दोन-दोन, चार-चार असे एकाच दिशेनें सरळ उडत जातांना दिसतात. त्या दिशेस पाणी आहे असें खुशाल समजावें. त्याची पिण्याची रीतहि पाहण्यासारखी आहे. कोंबडी चोंच बुडविते, मान वर करिते आणि घोट खालीं सोडते. बहुतेक पक्ष्यांची हीच चाल. होला आणि पारवा मात्र चोंच पाण्यांत बुडवून गुरासारखे एका दमांत ओढून पितात. पाणवठ्यावर शिकरा किंवा मांजर टपलेलें असतें. तेथें जितका वेळ कमी तितकें बरें. इतकें पाणी त्यास लागतें कां, तर तो दिवसाचा प्राणी. पक्ष्यास माणसासारख्या घामाच्या ग्रंथी नाहींत. परंतु होल्याच्या कातडींतून पाण्याची वाफ सारखी बाहेर पडते आणि तिनें अंग थंड राहतें. वैशाखाच्या भर दुपारीं, गुरें सावलींत धांपत असतां, होला निंबावर बसून घुमत असतो तो या पाण्याच्या जोरावर. ज्या दिवशीं पाणी मिळालें नाहीं, त्या दिवशीं त्याचें घुमणें बंद.

जर्बिल पाण्याकडे जातच नाहीं. त्याची सगळी व्यवस्था काटकसरीची आहे, आणि ती इतकी बारीक आहे कीं एखाद्या जुन्या सावकारानेंहि तोंडांत बोट घालावें. दिवसभर तो जमिनीच्या पोटांत राहतो. वर माती भाजत असतांना हात-दीड हात खालीं ती गार असते. बिळाचीं कांहीं तोंडें तो आंतून भुसभुशीत मातीनें लिंपून टाकतो. त्यामुळें साप आंत शिरत नाहीं आणि आंतली दमट हवाहि बाहेर जात नाहीं. श्वास सोडतांना हवेंतला ओलावा थंड नाकपुड्यांत पुष्कळसा अडतो आणि परत शरीरांत जिरतो. मूत्र अतिशय दाट आणि थोडें, लेंड्या सुक्या. आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे पाण्याची त्याची मुख्य मिळकत दाण्यांतूनच निघते. लांकूड जळलें म्हणजे धुराबरोबर वाफहि निघते, तसेंच शरीरांत अन्न जळलें म्हणजे पाणी तयार होतें. एक ग्रॅम पिष्टापासून अर्ध्या ग्रॅमाहून थोडें अधिक आणि एक ग्रॅम चरबीपासून एक ग्रॅमाहून किंचित् अधिक पाणी सुटतें. हें पाणी आपल्याहि शरीरांत तयार होतें, होल्याच्याहि होतें. पण आपण तें उधळून टाकतों आणि जर्बिल तें गांठीस बांधतो.

ही गोष्ट नुसत्या तर्काची नव्हे. अमेरिकेंतील वाळवंटी उंदरांवर क्नुट श्मिट-नील्सेन यांनीं केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. वाळवंटांतील प्राण्यांवरील त्यांचा ग्रंथ १९६४ सालीं निघाला. आपल्या देशांत जोधपूर येथें १९५९ सालीं केंद्रीय रुक्ष क्षेत्र अनुसंधान संस्था स्थापन झाली, आणि तेथें ईश्वर प्रकाश व त्यांच्या सहकाऱ्यांनीं थरमधील उंदरांचा वर्षानुवर्षें अभ्यास केला. थरचा जर्बिल नुसत्या कोरड्या दाण्यावर, पाण्याच्या थेंबावांचून, दीर्घ काळ राहूं शकतो असें तेथें दिसून आलें. आमच्या शेतांतला त्याचा भाऊ इतका कडक तपस्वी नाहीं. तो दाण्याबरोबर गवताच्या मुळ्या, हिरवे कोंब आणि उन्हाळ्यांत किडे खातो, आणि कमी पडणारा ओलावा त्यांतून काढतो. तरी पण नाला आटला, विहीर खोल गेली, आतां उंदीर आपोआप मरतील, असें मानून जे शेतकरी उन्हाळाभर स्वस्थ बसतात त्यांस आम्ही सांगूं इच्छितों कीं, नाला आटल्यानें होला जाईल. उंदीर जाणार नाहीं.

याच पाण्यामुळें होल्यावर एक खोटा आळ येतो. मे महिन्यांत आसपासचे डोह आटले म्हणजे विहिरीजवळच्या गुरांच्या हौदावर होल्यांची गर्दी होते. खळें बहुधा तेथून जवळच. दाण्याच्या राशीपाशीं पन्नास होले बसलेले पाहिले कीं, मालकाचें पित्त खवळतें. ते आलेले असतात पाण्याला. जातां जातां खळ्याच्या कडेचे चार दाणे वेंचतात हें आम्ही नाकारीत नाहीं.

होल्याची चोरी किती आणि कोणती, हें त्याच्या चोंचीवरून व पायांवरून ठरतें. त्याची चोंच मऊ व बारीक. उभें कणीस फोडणें हें पोपटाचें काम, त्याचें नव्हे. पायांनीं तो कोंबडीसारखी माती उकरीत नाहीं. जें उघड्यावर पडलेलें असेल तेंच तो वेंचतो: सांडलेली ज्वारी, कापणीनंतर वावरांत राहिलेले दाणे, आणि वर्षाचे बारा महिने गवताचें व तणाचें बीं. म्हणून तिफणीनें नीट खोल पडलेलें आणि वर माती बसलेलें बियाणें त्याच्यापासून सुरक्षित असतें. धुऱ्याशीं तिफण वळवितांना जें वर सांडतें तें तो खातो, आणि तें उगवून फारसें हातीं लागणारहि नव्हतें. एका बाबतींत मात्र होल्याचा आणि पारव्याचा उपद्रव खरा आहे. सोयाबीन, मूग यांचीं दलें मातींतून वर येतात, त्या चार-सहा दिवसांत हे पक्षी तीं कोंवळीं दलें तोडतात आणि रोप तेथेंच बसतें. जुन्या ज्वारीच्या दिवसांत हें दुखणें फारसें जाणवत नव्हतें. सोयाबीनचा पेरा वाढल्यापासून जाणवूं लागलें आहे. पण तें दुखणें आठवड्याचें. सकाळ-सायंकाळ दोन दोन तास एक पोर राखणीस ठेवावें, चमकत्या फिती बांधाव्या, आणि सगळ्या गांवानें पेरणी शक्य तों एकाच वेळीं करावी म्हणजे भार एकाच्या शेतावर येत नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें होल्यास संरक्षण आहे, हेंहि ध्यानांत ठेवावें.

जर्बिलाचें तसें नाहीं. त्यास माती म्हणजे पडदा नव्हे, दरवाजा आहे. तो रात्रीं ओळीच्या वासावर एकामागून एक भुईमुगाचा दाणा उकरीत जातो. सकाळीं ओळींत लहान लहान खळगे तेवढे दिसतात. पुढें कोंवळें रोप बुंध्याशीं तोडतो, नंतर घाटे आणि शेंगा. पीक निघून गेलें तरी त्याचें काम चालूच असतें, कारण तेव्हां तो धुरा पोखरीत असतो, आणि त्या पोखरलेल्या धुऱ्याची खबर आपणांस पहिल्या मोठ्या पावसांत, पाणी भगदाडांतून माती घेऊन जातें तेव्हां लागते. कीड खातो एवढें पुण्य त्याच्या पदरीं आहे. तें हिशेबांत धरूनहि बाकी त्याच्याकडेच निघते.

संततीच्या बाबतींत दोघांत एक साम्य आहे, तें पुष्कळांस ठाऊक नसेल. उंदीर सस्तन, तेव्हां तो पिलांस दूध पाजतो यांत नवल नाहीं. परंतु होलाहि पिलांस एका अर्थीं दूधच पाजतो. अंडीं फुटण्याच्या सुमारास नर व मादी या दोघांच्याहि अन्नपिशवीच्या आंतल्या बाजूस दह्यासारखा एक पौष्टिक पदार्थ तयार होतो, आणि पहिले कांहीं दिवस पिलें त्यावरच वाढतात. बाप दूध पाजतो असें उदाहरण प्राण्यांत फार विरळा! चिमणीस पिलांकरितां किडे शोधावे लागतात. होल्यास लागत नाहींत. म्हणून दाणा आणि पाणी असेल तोंवर तो जवळजवळ कोणत्याहि महिन्यांत घरटें करतो. तें घरटें म्हणजे चार काड्या. खालून पाहिलें तर अंडीं दिसतात. अंडीं दोनच, तेरा-चवदा दिवसांनीं फुटतात, आणि कावळा, मांजर, वारा यांतून वांचलें तर पिलूं आणखी पंधरवड्यानें उडतें.

जर्बिलाची मादी सुमारें चार आठवड्यांनीं विते, आणि एका वेतांत बहुधा पांच-सहा पिलें असतात. तीं पिलें तीन-चार महिन्यांत स्वतः वेण्याजोगीं होतात. घरटें उघडें नाहीं, वाऱ्याची भीति नाहीं. पाऊस पडून सगळीकडे हिरवें झालें म्हणजे ही वाढ जोरांत होते. मेमध्यें धुऱ्यांत राहिलेली एक जोडी दिवाळीपर्यंत केवढा परिवार करील याचा हिशेब वाचकांनींच मांडावा. त्याचाच दुसरा अर्थ असा कीं, उंदीर मारावयाचे तर ते मृगापूर्वीं. पीक उभें राहून नुकसान दिसूं लागल्यावर जो जागा होतो, त्यानें सहा महिने उशीर केलेला असतो.

जर्बिलाविषयीं आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. प्लेग म्हटला कीं आपणांस घरांतला काळा उंदीर आठवतो. परंतु मनुष्यवस्तीपासून दूर, रानांत प्लेगचे जंतू ज्या प्राण्यांत टिकून राहतात त्यांत आपल्या देशांत हा रानांतला जर्बिल मुख्य मानला जातो. त्याच्या अंगावरच्या पिसवा घरच्या उंदरांवर आल्या म्हणजे रोग गांवांत शिरतो. १९९४ सालीं आपल्याच महाराष्ट्रांत, बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं गांठीच्या प्लेगचे रोगी आढळले, आणि त्या पाठोपाठ सुरतेस फुप्फुसाच्या प्लेगनें हाहाकार उडाला, तो पुष्कळांस आठवत असेल. भिण्याचें कारण नाहीं. हा रोग आज औषधानें बरा होतो. परंतु मेलेला उंदीर उघड्या हातानें उचलूं नये, आणि विष घातलेलें नसतांना शेतांत किंवा गांवांत पुष्कळ उंदीर मेलेले दिसले तर आरोग्य खात्यास त्याच दिवशीं कळवावें.

आतां उपायाकडे वळूं. वर सांगितलेल्या भेदावरून तो आपोआपच निघतो. होला दिवसां, जमिनीच्या वर, नजरेनें दाणा शोधतो; जर्बिल रात्रीं, बिळाच्या आंतबाहेर, वासानें. तेव्हां विषाचा दाणा दिवसाच्या उजेडांत जमिनीवर दिसतां कामा नये. एवढें पाळलें कीं होला वांचतो आणि तितरहि वांचतो.

रीत अशी. पहिल्या दिवशीं धुऱ्यावरील व शेतांतील सगळीं बिळें मातीनें बुजवावीं. दुसऱ्या दिवशीं त्यांपैकीं जीं उघडलेलीं दिसतील तेवढींच नांदतीं. बाकीचीं रिकामीं समजून सोडून द्यावीं. काळ्या पुडीचें, म्हणजे झिंक फॉस्फाईडचें विष वापरावयाचें असेल तर आधीं दोन-तीन दिवस नुसतें तेल लावलेलें भरडलेलें धान्य नांदत्या बिळांत घालून उंदरांस त्याची गोडी लावावी. उंदीर मोठा संशयी; नव्या पदार्थाची चव घेऊन थांबतो, आणि त्या चवीनें पोटांत दुखलें तर पुढें महिनोन् महिने त्या दाण्यास शिवत नाहीं. आमच्या स्नेह्यांच्या शेतांत पहिल्या खेपेस हेंच झालें असावें. नंतर शहाण्णव भाग धान्य, दोन भाग तेल व दोन भाग पूड असें मिश्रण काठीनें ढवळून करावें, त्याची दहा ग्रॅमांची कागदी पुडी बिळांत हातभर आंत सारावी आणि तोंड बुजवावें. हें विष एकाच हंगामांत पुन्हा पुन्हा वापरूं नये. जे उंदीर उरतील त्यांच्यासाठीं ब्रोमॅडिओलोनची तयार वडी बिळांत घालावी. तिचा परिणाम सावकाश होत असल्यामुळें उंदरास संशय येत नाहीं. सकाळीं शेतावर फिरून मेलेले उंदीर व उरलेलें विष खोल पुरावें. तेवढे दिवस कोंबड्या, कुत्रीं आणि मुलें यांस त्या बाजूस फिरकूं देऊं नये.

विषाविषयीं यवतमाळ जिल्ह्यास कोणी बाहेरून येऊन शिकविण्याची गरज नाहीं. २०१७ सालच्या पावसाळ्यांत कापसावर फवारणी करतांना या जिल्ह्यांतील शेंकडों शेतकरी व शेतमजूर विषबाधेनें आजारी पडले आणि वीसांहून अधिक जण दगावले. तें दुःख ज्या घरांत शिरलें त्या घरांत तें अजून आहे. उंदराच्या काळ्या पुडीवर उतारा असें निश्चित औषध नाहीं. ती पोटांत गेली असा नुसता संशय आला तरी घरगुती उपायांत वेळ न दवडतां रोग्यास रुग्णालयांत नेलें पाहिजे, आणि पुडीचें पाकीटहि बरोबर नेलें पाहिजे. ब्रोमॅडिओलोनवर क जीवनसत्त्व नव्हे, के जीवनसत्त्व हा उतारा आहे. नांवांतील सारखेपणामुळें घोटाळा होतो म्हणून मुद्दाम लिहिलें. पूड सालदाराच्या हातीं देऊन आपण गांवांत बसणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. हातमोजे, तोंडास फडकें, आणि मालक स्वतः शेजारीं उभा, एवढें तरी असावें.

एकट्या शेतांत हा उपाय करून मात्र फारसें साधत नाहीं, कारण शेजारच्या धुऱ्यांतले उंदीर पंधरा दिवसांत मोकळीं बिळें पटकावतात. हरभरा-गहू निघाल्यापासून मृगापर्यंत रान उघडें असतें, उंदरास खाण्याची टंचाई असते. त्या काळांत शिवारांतील सगळ्यांनीं एकाच आठवड्यांत बिळें बुजविलीं पाहिजेत. आणि ज्यांस विष नको त्यांनीं, व ज्यांस हवें त्यांनींहि, शेतांत उंच काठ्या रोवून पक्ष्यांस बसावयास जागा करावी. गव्हाणी घुबड आणि पिंगळा रात्रीं त्यावर बसतात. दिवसां कापशी घार तेथून शेतावर जाते व एकाच जागीं पंख फडफडवीत खालीं नजर लावते. आपल्या कापसाच्या मुलखांत कापशीसारखें नांव असलेलें पांखरूं उंदरांवर पहारा करतें, आणि आपण त्यास बसावयास एक काठीहि देत नाहीं. घुबडाविषयींच्या अपशकुनाच्या गोष्टी घरच्या वडील माणसांपुढें बोलणें कठीण जातें, तें आम्हीं अनुभविलें आहे; कोठ्याच्या मागच्या खोलींत त्याची वस्ती असेल तर निदान ती मोडूं तरी नये.

आमच्या स्नेह्यांनीं पुढल्या वर्षीं मे महिन्यांत ही रीत धरली. प्रथम शेजारचे दोघे मुळींच तयार नव्हते. त्यांपैकीं एकाच्या कोंबड्या मागल्या वर्षीं मेल्या होत्या आणि मनांत राग होता. अखेरीस तेहि आले. तिघांचे धुरे एकाच सकाळीं बुजविले, दुसऱ्या दिवशीं उघडलेल्या बिळांशीं पऱ्हाटीच्या काड्या खुणेस रोविल्या, आणि पुड्या घालण्याचें काम तिघा मालकांनीं स्वतःच्या हातांनीं केलें. मृग लागण्यापूर्वीं पुन्हा बुजवून पाहिलें तेव्हां उघडलेलीं बिळें निम्म्याहून बरींच कमी भरलीं. धुऱ्यालगत मेलेला एकहि होला सांपडला नाहीं. हौदावर ते सायंकाळीं नेहमींसारखे येत होते.

या झुबक्या शेंपटीच्या उंदरास आपल्या गांवीं निराळें नांव आहे काय, आणि तो काळ्या जमिनींत दिसतो कीं बरडांतच, हें दारव्हा, पुसद, उमरखेड, केळापूर व वणी या बाजूंच्या वाचकांनीं पाहून आम्हांस अवश्य कळवावें. आलेलीं नांवें गांववार छापण्यांत येतील.